वेड्यांच्या देशात पोर्की

डिसेंबर १९३७ मध्ये डिस्नेचा 'स्नो व्हाइट' आला. कार्टूनमधल्या पात्रांना वजन असावं, सावल्या नीट पडाव्यात, सगळं खऱ्यासारखं भासावं, हा त्या स्टुडिओचा ध्यास होता. नऊ महिन्यांनी, २४ सप्टेंबर १९३८ रोजी, वॉर्नर ब्रदर्सने 'पोर्की इन वॅकीलँड' हा सातेक मिनिटांचा कृष्णधवल लघुपट पडद्यावर आणला आणि त्या ध्यासाची यथेच्छ टर उडवली.

गोष्ट नावापुरती

जगातल्या शेवटच्या डोडोची किंमत चार लाख कोटी डॉलर! त्या मोहाने अडखळत बोलणारं डुक्कर पोर्की विमान घेऊन आफ्रिकेकडे निघतं. खरा डोडो मॉरिशसचा आणि सतराव्या शतकातच नामशेष झालेला. पण भूगोल तपासत बसणाऱ्याने हा लघुपट न पाहिलेलाच बरा.

वेशीपलीकडे

आफ्रिकेत पोर्की वॅकीलँडला, म्हणजे वेड्यांच्या देशात पोहोचतो. वेशीवरच पाटी आहे: इथे असं घडू शकतं. अमेरिकेत हुकूमशाही आली तर काय होईल, याची कल्पना करणाऱ्या सिंक्लेअर लुइसच्या 'इट कान्ट हॅपन हिअर' (१९३५) या कादंबरीच्या नावाला काढलेला तो चिमटा. आत शिरल्यावर दिसतं, की इथला सूर्य आपणहून उगवत नाही. एकमेकांच्या डोक्यावर चढलेले प्राणी त्याला वर उचलतात. एक ससा झोपाळ्यावर झुलतोय आणि झोपाळ्याचे दोर बांधलेत त्याच्याच कानांना. अर्धं कुत्रं, अर्धं मांजर असा एक जीव स्वतःशीच मारामारी करतोय. एका कैद्याने गजांची खिडकी हातात धरली आहे. तुरुंग कुठेच नाही.

दार

मग डोडो येतो आणि पाठलाग सुरू होतो. डोडो पेन्सिल काढून हवेत दार रेखाटतो. आता तो दार उघडणार असं आपल्याला वाटतं, तर तो दाराची खालची कड पडद्यासारखी वर उचलतो आणि खालून सटकतो! माझ्या मते सगळा लघुपट या काही सेकंदांत आहे. आपण पाहतोय ती फक्त रेघ आहे, दार ठरवलं तर दार आणि पडदा ठरवला तर पडदा, हे डोडोला कळलंय. बिचाऱ्या पोर्कीला दाराने दारासारखं वागावं असं वाटतं, म्हणून तो फसतो. स्वप्नात अडकलेला शहाणा माणूसच जणू. तो नसता तर बाकीचा वेडेपणा दोन मिनिटांत कंटाळवाणा झाला असता.

करणारे हात

दिग्दर्शक बॉब क्लॅम्पेट तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. वॉर्नरच्या कार्टूनवाल्यांच्या मोडकळीला आलेल्या इमारतीला तिथलीच मंडळी 'टर्माइट टेरेस', म्हणजे वाळवीचा वाडा म्हणत. आवाज मेल ब्लँकचा, संगीत कार्ल स्टॉलिंगचं. मूकपटांच्या काळात थिएटरात ऑर्गन वाजवलेला हा माणूस. पडद्यावर काय होतंय त्यावर नजर ठेवून सूर बदलायची सवय त्याला तिथलीच. चित्रं कितीही उधळली तरी ताल सुटत नाही, ते त्याच्यामुळे.

काळाचे डाग

आफ्रिकेचं चित्रण त्या काळच्या गोऱ्या अमेरिकी पूर्वग्रहांचं आहे. चेहरा काळा रंगवून गाणाऱ्या अल जॉल्सनची नक्कल करणारं बदकही त्यात आहे. आज ते पाहताना हसू येत नाही.

पुढे काय झालं

२००० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत या लघुपटाची निवड झाली. १९९० पासूनच्या 'टायनी टून ॲडव्हेंचर्स' मालिकेतला गोगो डोडो इथलाच वंशज. त्याआधी १९४९ मध्ये फ्रिझ फ्रेलेंगने 'डो फॉर द डो-डो' नावाने याची रंगीत आवृत्ती काढली. तिची पार्श्वभूमी साल्वादोर दालीच्या चित्रांच्या वळणाची आहे आणि देखणीही आहे. तरी माझं मत मूळ कृष्णधवललाच. रंगीत आवृत्तीत नजर मागच्या देखाव्यातच रेंगाळते, आणि तेवढ्यात पुढचा विनोद होऊन गेलेला असतो.