खोक्याच्या आत – लेखांक ९ : भराव किती, पोकळी किती

पाठवणीचा खोका बंद केल्यावर तो कानाशी धरून हलवावा आणि आतून आवाज आला नाही तर भराव पुरेसा झाला असे समजावे, हा पॅकिंगच्या धंद्यातील सर्वमान्य प्रघात आहे. घनफळी वजनाचा हिशेब या लेखांकात मांडण्याचे ठरले होते. परंतु मधल्या आठवड्यात आलेल्या एका प्रश्नामुळे हा प्रघातच तपासून पाहण्याची गरज निर्माण झाली असल्याने तो हिशेब पुढे ढकलणे भाग आहे. प्रश्न पेणच्या गणेशमूर्तींचा आहे. मूर्तीभोवती कागदाचे बोळे इतके ठासून भरतात की खोका कसाही हलवला तरी आत काही हलत नाही, आणि तरीही परदेशी पोहोचलेल्या खोक्यांत नेमकी बोटे, कान किंवा सोंडेचे टोक तुटलेले निघते, ते का, असे एका वाचकाने विचारले आहे.

उत्तराकडे वळण्यापूर्वी भराव या एकाच नावाखाली चालणारी दोन कामे वेगळी करावी लागतात. पहिले काम पोकळी भरण्याचे: वस्तू खोक्यात सरकू नये, कलंडू नये, एका बाजूला जाऊन बसू नये, एवढ्यापुरते ते असते, आणि खोका हलवून जी परीक्षा होते ती फक्त याच कामाची होते. दुसरे काम गादीचे, म्हणजे खोका पडला असता आतील वस्तूला थांबण्यासाठी पुरेसे अंतर मिळवून देण्याचे; त्याविषयी हलवलेला खोका काहीच सांगत नाही. ठासून भरलेला कागद पहिले काम उत्तम करतो आणि ते करता करताच दुसऱ्या कामाला निकामी होतो, कारण आधीच दाबून घट्ट झालेल्या बोळ्यांना आणखी दबायला वाव उरलेला नसतो.

थांबण्याच्या अंतराचा हा विचार गणिताच्या आधारे विस्ताराने मांडला तो रेमंड माइंडलिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बेल टेलिफोन लॅबोरेटरीजसाठी केलेल्या कामातून तयार झालेला त्यांचा शंभराहून अधिक पानांचा प्रबंध १९४५ साली बेलच्या तांत्रिक नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि तोवर केवळ हाताच्या अंदाजावर चाललेला पॅकिंगचा विषय यंत्रशास्त्राच्या कक्षेत आला. त्यातील मूळ कल्पना मात्र शाळेतल्या पदार्थविज्ञानापलीकडची नाही. ७६ सेंटिमीटरांवरून पडलेली वस्तू जमिनीला टेकते तेव्हा तिचा वेग ताशी सुमारे १४ किलोमीटर असतो. हा वेग शून्यावर येताना होणारे मंदन गुरुत्वत्वरणाच्या किती पट आहे हे सांगणाऱ्या आकड्याला ‘जी’ म्हणतात, आणि सरासरीपुरते पाहिले तर पडण्याच्या उंचीला थांबण्याच्या अंतराने भागले की तो मिळतो. तीच वस्तू २ मिलिमीटरांत थांबली तर ३८० जी, २ सेंटिमीटरांत थांबली तर ३८ जी. प्रत्यक्षात धक्का सर्व वेळ सारखा नसतो, त्याचे शिखर सरासरीच्या बरेच वर जाते, शिवाय कोणतीही गादी आपल्या पूर्ण जाडीइतकी दबत नाही. म्हणून चांगल्या फोमसाठी पडण्याच्या उंचीला सहन होणाऱ्या जीने भागून येणारा आकडा साधारण तिपटीने वाढवावा आणि ती जाडी धरावी, असा व्यवहारातला ठोकताळा आहे. पेंढा व कागद यांच्यासाठी हा गुणक आणखी मोठा धरावा लागतो.

सहन होणारे जी किती, हे वस्तूवर अवलंबून असते. अमेरिकन लष्कराच्या पॅकिंगविषयक कोष्टकांत दूरचित्रवाणी संच ६० ते ८५ जी या गटात, तर फ्रिज व कपडे धुण्याची यंत्रे ८५ ते ११५ जी या गटात घातलेली आहेत. शाडूची मूर्ती ही न भाजलेल्या, केवळ वाळवलेल्या मातीची असल्यामुळे तिला या सर्वांच्या बरेच खाली ठेवणे शहाणपणाचे. येथे हिशेबापुरते ४० जी धरले आहेत. पडण्याच्या उंचीबाबत इंटरनॅशनल सेफ ट्रान्झिट असोसिएशन या संस्थेच्या मूलभूत चाचणीचा आधार घेता येतो. साडेनऊ किलोपर्यंतचा खोका ७६ सेंटिमीटरांवरून, त्यापुढे सुमारे १९ किलोपर्यंतचा ६१ सेंटिमीटरांवरून, आणि त्याहून जड खोके आणखी कमी उंचीवरून, एक कोपरा, तीन कडा व सहा बाजू असा एकूण १० वेळा टाकून पाहावा, असे ती चाचणी सांगते. हलक्या खोक्याला अधिक उंची लावली आहे, यात मनुष्यस्वभावाची मोठी जाण आहे: जड खोका दोघे मिळून सांभाळून उतरवतात, हलका एकटाच उचलतो आणि बऱ्याचदा फेकतो. यावरून ६ किलोच्या मूर्तीला ७६ गुणिले ३ भागिले ४०, म्हणजे ५.७ सेंटिमीटर जाडीची गादी लागेल, तर १५ किलोच्या मूर्तीला ४.६ सेंटिमीटर पुरेल. जड मूर्तीला पातळ गादी, हे ऐकून कारखान्यातील अनुभवी माणूसही प्रथम मान हलवतो. पण जाडी हा हिशेबाचा अर्धाच भाग आहे.

उरलेला अर्धा भाग क्षेत्रफळाचा, आणि अडीअडचणीचे खरे मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडते. गादीच्या दर चौरस सेंटिमीटरवर किती भार येतो यावर ती किती दबेल हे ठरते. भार फार कमी असेल तर फोम दबतच नाही आणि मूर्ती जणू फळीवर आदळते. भार फार जास्त असेल तर फोम एका क्षणात तळाला बसतो आणि पुढचा सारा धक्का मूर्तीला मिळतो. या दोन टोकांच्या मध्ये धक्का कमीत कमी असण्याचा एक पट्टा असतो, आणि दर घनमीटरला सुमारे ३५ किलो घनतेच्या पांढऱ्या ईपीई फोमसाठी तो चौरस सेंटिमीटरला साधारण ०.०३५ ते ०.०७ किलोच्या दरम्यान येतो. ०.०५ हा मधला आकडा घेतला तर ६ किलोच्या मूर्तीखाली केवळ १२० चौरस सेंटिमीटर फोम हवा. एवढ्या मूर्तीचा पाट २५ बाय २० सेंटिमीटर धरला तर त्याचे क्षेत्रफळ ५०० चौरस सेंटिमीटर भरते, म्हणजे पाटाच्या एक चतुर्थांशापेक्षाही कमी भाग टेकवायचा आहे. पाटाच्या चार कोपऱ्यांखाली साडेपाच सेंटिमीटर चौरसाचे चार ठोकळे आणि मध्ये सरळ मोकळी जागा, ही त्याची रचना. तोच फोम, तितक्याच जाडीचा, पाटाच्या मापाने अखंड कापून खाली अंथरला तर भार ०.०१२ वर उतरतो आणि चौपट माल घालून संरक्षण घटते. सढळ हाताने भराव घालण्याची वृत्ती इतकी सर्वत्र आढळते की या एका गोष्टीसाठी या लेखमालेतील पूर्ण लेखांक खर्ची पडला तरी हरकत नसावी.

आता बोटांकडे. मूर्तीचा पाट, पाठ, मांड्या व खांदे हे तिचे भरीव भाग, तर आशीर्वादाचा हात, आयुधे, कानाची पाळी आणि सोंडेचे वळण हे बाहेर आलेले, मुळाशी बारीक असलेले भाग. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या पोकळ मूर्तीत काथ्याचा आधार असल्याने असा भाग तडकला तरी काही वेळा लटकून राहतो, शाडूत तो सरळ गळतो. खोका पडतो तेव्हा भरीव धड गादीत काही सेंटिमीटर खाली जाते आणि त्याच्याबरोबर हातही जातो. पण हात व खोक्याची भिंत यांच्यामध्ये कागद ठासलेला असेल तर धड पुढे सरकत असताना हात जागीच अडतो आणि सहा किलोंचा भार मनगटाच्या सुपारीएवढ्या जाडीवर येतो. म्हणजे बोटांचे रक्षण करण्यासाठी भरलेला कागदच बोटे मोडतो. माइंडलिन यांच्या प्रबंधाचा बराच भाग याच प्रकारच्या प्रश्नाला वाहिलेला आहे, कारण आतील वस्तूचा लवचिक अवयव स्वतःच्या गतीने कंप पावतो आणि धक्क्याचा काळ व त्याची कंपनगती जुळून आली तर अवयवाला बसणारा धक्का धडाच्या सुमारे पावणेदोनपटीपर्यंत जाऊ शकतो. म्हणून नाजूक भागांभोवती, गादी दबेल त्याहून अधिक रुंदीची पोकळी मुद्दाम राखावी, आणि मूर्ती हलू नये म्हणून तिला पाट, पाठ व खांदे येथे धरावे, हा उपाय. पुठ्ठ्याची खाच कापलेली चौकट खांद्यांवर बसवली की हे साधते. असा खोका कानाशी धरला तर आवाज येत नाही, परंतु आत पाहिले तर तो अर्धा रिकामा दिसतो आणि गिऱ्हाईक नाराज होते, ही त्यातली व्यावहारिक अडचण.

सुट्या भरावाचा, म्हणजे पेंढा, कागदाची कात्रणे व थर्माकोलच्या तुकड्यांचा दोष वेगळा आहे. पेणच्या मूर्ती गणेशोत्सवाच्या कित्येक महिने आधी कंटेनरमधून निघतात, आणि ट्रक व जहाज यांच्या सततच्या थरथरीने सुटा भराव खाली बसत जातो, जड मूर्ती त्यातून वाट काढीत तळाकडे उतरते, तर वर पोकळी तयार होते. झाकण लावताना थोडा दाब द्यावा लागेल इतका भराव वर चढवणे हा त्यावरचा जुना व योग्य उतारा आहे. मात्र तळाशी फोमचे ठोकळे असतील तरच तो उपयोगी पडतो. भाताच्या पेंढ्याला तर आणखी एक अडसर आहे: त्यातून कीड व बुरशी जाते म्हणून ऑस्ट्रेलियासारखे देश पेंढ्यातले पॅकिंग सीमेवरच अडवतात. लाकडी पेटीलाही आंतरराष्ट्रीय नियमानुसार गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटे दिल्याचा शिक्का लागतो.

झाकणाचा हा दाब अति झाला तर खोक्याच्या बाजू फुगतात. रचलेल्या खोक्यांचा भार मुख्यतः चार कोपऱ्यांच्या उभ्या कडांवर असतो, आणि बाजू फुगल्या की त्या कडा सरळ राहत नाहीत, हे पुठ्ठ्याच्या पदरांविषयीच्या लेखांकात आलेच आहे; पावसाळी हवेत पुठ्ठा आधीच निम्म्यावर आलेला असताना तर याची किंमत दुप्पट पडते.

राहिला घनफळी वजनाचा हिशेब. ३० बाय २५ बाय २० सेंटिमीटरांच्या मूर्तीला सर्व बाजूंनी ५.७ सेंटिमीटर जागा दिली की खोका आतून सुमारे ४२ बाय ३७ बाय ३२ सेंटिमीटरांचा होतो, आणि विमानाने जाणाऱ्या कुरियरच्या ५,००० या भाजकाने भागले की ६ किलोच्या मूर्तीचे वजन कागदावर जवळपास १० किलो भरते; हे चार किलो कोठून आले आणि त्यांतले किती वाचवता येतात, ते पुढील लेखांकात.