किनवटच्या सागवनात लेकीसोबत

बिलोलीहून धर्माबाद, भोकर, हिमायतनगर करत आम्ही किनवटची वाट धरली. मागच्या सीटवर पाच वर्षांची लेक दशमी-चटणी खात बसली होती. इस्लापूरनंतर दोन्ही बाजूंनी साग दाटला. गाडी थांबवून तिला एक कोवळं पान तळहातावर चोळायला दिलं. हात लालभडक! "बाबा, झाडाला रगत असतंय का?" सागाच्या कोवळ्या पानात तांबडा रंग असतो, एवढंच सांगितलं, ती किती तरी वेळ हात न्याहाळत होती.

त्या सागाकडे बघताना मला रेडवूड वृक्ष आठवला. कॅलिफोर्नियातला रेडवूड समुद्रावरच्या धुक्यावर वाढतो, बारमाही हिरवा राहतो, ११५ मीटरपर्यंत जातो. साग त्याच्या निम्माही नसतो. पण मराठवाड्याचा उन्हाळा सोसायचं त्याचं शहाणपण मला मोठं वाटतं: पाणी वाचवण्यासाठी तो पानंच गाळून टाकतो. पावसाळ्यात शेंड्यावर पांढुरके तुरे येतात.

पुढे पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा. पलीकडचा काठ विदर्भाचा. लेकरं घेऊन श्रावणात जरूर जा, मात्र तिथल्या ओल्या कातळावर त्यांचा हात क्षणभरही सोडू नका.