निमोला हात नको, काम द्या

मोहने गाव उल्हास नदीच्या काठचं. नदीचं पाणी इथं पिण्यासाठी उपसतात, म्हणजे ते गोडं. अशा ठिकाणी हॉलमध्ये निमो, म्हणजे क्लाऊनफिश, पाळायचा तर समुद्र बादलीत कालवावा लागतो. त्यासाठी आरओचं पाणी, अॅक्वेरियमचं खास मीठ, ढवळायला पंप आणि खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर लागतो. जेवणातलं मीठ चालत नाही, कारण समुद्रात सोडियम क्लोराईडबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियमही असतं. एवढा खटाटोप करणारा माणूस हौशीच असणार, आणि हौशी माणसाचे गैरसमज बहुतेक मायेपोटी झालेले असतात. ते काढायला म्हणूनच जड जातात.

मे महिन्यात टाकीचं पाणी बोटभर खाली गेलं की पुन्हा खारं पाणी ओतायचं, हा त्यातला सगळ्यात साधा गैरसमज. उडून जातं ते फक्त पाणी, मीठ टाकीतच राहतं. हिशेब करून बघा. समुद्रात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, म्हणजे 100 लिटरच्या टाकीत साडेतीन किलो. पाच लिटर पाणी उडालं आणि तुम्ही पाच लिटर खारं ओतलंत, तर 175 ग्रॅम मीठ जास्तीचं गेलं. असं चारदा केलंत की खारटपणा 42 वर. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं आणि मासे मात्र धापा टाकतात. उडालेल्या पाण्याची भर साध्या आरओच्या पाण्यानंच घालायची. खारं पाणी लागतं ते पाणी बदलताना.

आता हाताळण्याकडे येऊ. ‘हात ओला करून मासा धरला तर काही होत नाही,’ असं दुकानातही ऐकायला मिळतं. कोरड्या हातापेक्षा ओला बरा, एवढंच त्यात खरं. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर म्हणजे त्याचं रोगजंतूंविरुद्धचं कवच, आणि ते ओल्या हातानंही निघतं. जाळीही निर्धोक नाही. सर्जनफिशच्या शेपटीच्या मुळाशी पातं असतं, ट्रिगरफिशच्या पाठीचा काटा उभा राहून अडकतो, आणि लायनफिश जाळ्यात गुंतला तर सोडवणाऱ्याच्या बोटाचं काही खरं नाही. त्याचा काटा लागला तर बर्फ लावू नका. सोसेल इतक्या गरम पाण्यात, सुमारे 45 अंशांपर्यंतच्या, बोट बुडवून ठेवायचं आणि डॉक्टर गाठायचा. ते विष उष्णतेनं निष्प्रभ होत जातं. हातावर जखम असेल तर टाकीत हात घालूच नका. या पाण्यातल्या मायकोबॅक्टेरियम मरिनम नावाच्या जिवाणूमुळे त्वचेवर गाठी येतात आणि त्या बऱ्या व्हायला महिने लागतात.

केंड मासा पाहुण्यांसमोर फुगवून दाखवणं हा तर शुद्ध छळ. तो फुगतो ते भीतीनं. पाण्याबाहेर काढलात तर पाण्याऐवजी हवा गिळतो, आणि ती बाहेर टाकणं त्याला जमेलच असं नाही. काचेला चिकटलेला तारामासा ओढून काढला तर त्याचे नळीसारखे बारीक पाय तुटतात. त्याला आपणहून सुटू द्यावं आणि जागा बदलायचीच असेल तर पाण्यासकट, भांड्यातून बदलावी.

मग मासा हलवायचा कसा? पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यानं. डबा टाकीत आडवा ठेवायचा आणि रोजचं खाणं त्याच्या तोंडाशी टाकायचं. मासा आधी लांबूनच बघतो, मग डोकं आत घालतो, घास घेऊन मागे पळतो. त्याची भीड चेपली की खाणं हळूहळू डब्याच्या तळाशी न्यायचं. पुढे डबा दिसला की तो आपणच आत शिरतो. आजारी पडला, टाकी बदलायची झाली, की डबा सावकाश उभा करून पाण्यासकट उचलायचा. पाठलाग नाही, दगड उपसणं नाही.

हे ऐकल्यावर हमखास विचारतात, ‘माशाला तीन सेकंदांपलीकडे काही आठवतं का हो?’ आठवतं. नाहीतर तो डबा ओळखला कसा? 2019 साली जपानमधल्या ओसाका सिटी युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी क्लीनर रॅस या छोट्या माशाला आरसा दाखवला. सुरुवातीला तो प्रतिबिंबावर धावून गेला. सरावल्यावर मात्र गळ्यावर लावलेला ठिपका त्यानं आरशात पाहिला आणि तिथलं अंग वाळूवर, दगडावर घासलं. याला आत्मभान म्हणायचं की नाही यावर शास्त्रज्ञ भांडतात. स्मरणशक्तीची शंका मात्र उरत नाही. (तेवढ्यावरून घरच्या टाकीत आरसा लावू नका. बहुतेक माशांना तो कायमचा घुसखोर वाटतो.)

लक्षात ठेवणाऱ्या जिवाला कंटाळाही येणार. त्यावर उपाय म्हणून लोक बुडबुडे सोडणारा प्लास्टिकचा खजिना आणतात, दर रविवारी दगडांची मांडणी बदलतात. निमोला हे अजिबात मानवत नाही. समुद्रात तो आयुष्य एका समुद्रफुलाच्या आसपास काढतो; त्याला ठरलेला कोपरा आणि जोडीदार लागतो. जोडीतली मोठी ती मादी. ती गेली तर नराचीच मादी होते. म्हणून दोन आणताना एक मोठा, एक लहान आणावा. समुद्रफूल नसलं तरी त्याचं अडत नाही, दगडातली कपारही त्याला पुरते. नवख्याच्या टाकीत समुद्रफूल जागा बदलत सरकतं, पंपात अडकतं आणि अख्खं पाणी नासवतं.

केंडाची तऱ्हा वेगळी. त्याचे चार दात चोचीसारखे जुळलेले आणि जन्मभर वाढणारे. नुसत्या सोललेल्या कोलंबीवर ठेवलात तर दात इतके वाढतात की तोंडच मिटत नाही. त्याला शिंपल्यासकट तिसऱ्या द्या. बाजारातून आणलेल्या धुवून, काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवून, एखादीच वाळूत अर्धी पुरून. तो वर घिरट्या घालतो, एक डोळा खाली रोखतो, तोंडानं पाण्याची फुंकर मारून वाळू उडवतो आणि मग ‘कट्’ असा आवाज काचेबाहेरही ऐकू येतो. मला विचाराल तर टीव्हीच्या शेजारी अशी टाकी असेल तर टीव्ही बंदच ठेवावा. उरलेले तुकडे लगेच काढा, नाहीतर अमोनिया वाढेल. सर्जनफिश दिवसभर शेवाळ कुरतडणारा. त्याला समुद्री शेवाळाचा कागद दगडाला बांधून द्यावा, रोज वेगळ्या जागी. शंखातल्या खेकड्याला वाढत्या मापाचे दोन-चार रिकामे शंख पुरतात, बिनरंगवलेले. नवी वस्तू एका वेळी एकच टाकायची. मासा फिका पडला, खाईना, कल्ले भराभर हलू लागले, तर ती काढून घ्यायची.

‘दुकानात मिळतं म्हणजे कायदेशीर’ हा समज महागात पडू शकतो. समुद्रघोडे, प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रकाकड्या यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. 1951 साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयात आपण लहानपणी काय काय पाहिलं, हा घरी पाळायचा परवाना नव्हे. क्लाऊनफिश घ्यायचा तर हॅचरीत वाढलेला मागा. आपल्याच ठाणे जिल्ह्यात ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठान आणि राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोनं समुद्री शोभिवंत माशांच्या पैदाशीचं काम केलं आहे. असा मासा दाणे खायला शिकलेला असतो.

शेवटचा गैरसमज पुण्य कमावण्याचा. टाकी झेपेनाशी झाली की कुणीतरी म्हणतं, ‘नदीत सोडून द्या, बिचारा जगेल.’ उल्हासच्या गोड्या पाण्यात समुद्री मासा तडफडून मरतो. समुद्रात नेऊन सोडणंही बरं नव्हे. आपल्याकडचा हिंद-प्रशांत महासागरातला लायनफिश 1985 मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर आढळला, बहुधा कुणाच्या तरी टाकीतून सुटलेला किंवा सोडलेला. आज कॅरिबियनपर्यंत तो तिथली लहान मासळी फस्त करतो आहे. दुकानदार परत घेतो का विचारा, नाहीतर दुसरा टाकीवाला शोधा. नेताना जाड पिशवीत एक तृतीयांश पाणी आणि बाकी हवा ठेवा, पिशवी थर्माकोलच्या खोक्यात बसवा, आणि आदल्या दिवशी खाणं देऊ नका म्हणजे वाटेत पाणी घाण होत नाही.