जुना लॅपटॉप भंगारात घालताय? थांबा, आधी हलकं लिनक्स टाकून बघा

दहा-बारा वर्षांपूर्वी कुणी पोराच्या डिप्लोमासाठी, कुणी दूध संकलनाच्या हिशेबासाठी घेतलेला लॅपटॉप आज बऱ्याच घरांत कपाटावर धूळ खात पडलाय. चालू केला की चहा पिऊन येईपर्यंत स्क्रीन उघडत नाही. त्यात मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, तो या जुन्या मशीनमध्ये नसतो. दुकानदार म्हणतो, नवीनच घ्या. पण यातले बरेच लॅपटॉप मेलेले नसतात. म्हाताऱ्या बैलाला उसाची भरलेली गाडी जुंपली तर तो बसणारच, दोष बैलाचा नाही. ओझं कमी केलं तर तो अजून काम देतो.

हे ओझं कमी करायचा मार्ग म्हणजे लिनक्स. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ते सुरू केलं. ते फुकट आहे आणि कायदेशीरही आहे. त्यावर वेगवेगळ्या मंडळींनी आपापल्या पद्धतीने तयार केलेली पॅकेजं म्हणजे डिस्ट्रो. अशा शेकडो डिस्ट्रो आहेत, म्हणूनच नवा माणूस गोंधळतो. खरं तर तीन गोष्टी माहीत असल्या की निवड सोपी होते.

आधी मशीन तपासा

‘धिस पीसी’वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. पहिली गोष्ट रॅम: १, २ की ४ जीबी? दुसरी गोष्ट सिस्टिम टाइप. इथे बरेच जण फसतात. ‘३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४ बेस्ड प्रोसेसर’ असं लिहिलं असेल, तर प्रोसेसर ६४-बिट आहे, फक्त त्यावर विंडोज ३२-बिट टाकलंय. अशा मशीनवर ६४-बिट लिनक्स चालतं. तिसरी गोष्ट हार्ड डिस्क. ती कटकट आवाज करत असेल तर कुठलंही लिनक्स टाकून उपयोग नाही, आधी डिस्क बदला.

कोणाला कोणतं?

४ जीबी रॅम आणि ६४-बिट प्रोसेसर असेल तर डोळे झाकून लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्या. मिंट तीन रूपांत येतं: सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई. त्यात एक्सएफसीई सगळ्यात हलकं. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू असतो, त्यामुळे विंडोजची सवय असलेला माणूस अर्ध्या तासात रुळतो. मिंट २२ मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळणार आहेत.

२ ते ३ जीबी रॅम असेल तर लुबुंटू किंवा एमएक्स लिनक्स. लुबुंटू घेताना नावापुढे ‘एलटीएस’ आहे का ते बघा. एलटीएसला तीन वर्षं अपडेट मिळतात, मधल्या आवृत्तीला फक्त नऊ महिने.

१ जीबी रॅम किंवा खरोखर ३२-बिट प्रोसेसर असेल तर अँटीएक्स. दिसायला साधं, पण अगदी थोड्या रॅमवर चालतं. ३२-बिटवाल्यांचा रस्ता मात्र आता अरुंद होत चाललाय. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२-बिट इन्स्टॉलर देणं बंद केलं. गुगल क्रोमने ३२-बिट लिनक्स २०१६ मध्येच सोडलं, फायरफॉक्सच्या नव्या आवृत्त्याही आता त्यावर येत नाहीत. म्हणून असं मशीन टायपिंग, हिशेब, गाणी यासाठी ठेवा, बँकेचे व्यवहार त्यावर नकोत.

हार्ड डिस्कच गेली असेल तर पपी लिनक्स पेनड्राइव्हवरून थेट रॅममध्ये चालतं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. डिस्ट्रो कितीही हलकी असली तरी ब्राउझर हलका होत नाही. २ जीबीवर यूट्यूब आणि सोबत दहा टॅब उघडले तर लिनक्ससुद्धा अडकणार. जमत असेल तर जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा. फरक लगेच कळतो.

टाकायच्या आधी चालवून बघा

लिनक्स इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं, हा त्याचा मोठा फायदा. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, त्यातलं सामान आधी काढून ठेवा, कारण तो पूर्ण पुसला जातो. फाइल त्या डिस्ट्रोच्या मूळ साइटवरूनच उतरवा. मिंटची फाइल ३ जीबीच्या आसपास असते, मोबाइलचा दिवसाचा डेटा त्यात संपतो, म्हणून वायफाय असेल तिथे हे काम करा. मग रुफस नावाच्या मोफत प्रोग्रॅमने ती फाइल पेनड्राइव्हवर चढवा.

लॅपटॉप चालू करताना बूट मेनूचं बटण दाबा. डेल, लेनोवोवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९. अँटीएक्स किंवा पपी सुरू झालं नाही तर बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करून बघा. लिनक्स उघडलं की वायफाय, आवाज, कॅमेरा, टचपॅड, प्रिंटर एकेक तपासा. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट जोडून दोन ओळी टाइप करा. वायफाय चालत नसेल तर दुसरी डिस्ट्रो लावून बघा, अजून काही बिघडलेलं नसतं.

इथे घाई नको

इन्स्टॉल करताना ‘इरेज डिस्क’ निवडलं की लग्नाचे फोटो, पोरांचे दाखले, सातबाऱ्याच्या पीडीएफ, हिशेब सगळं जातं. ते सहसा परत मिळत नाही. म्हणून आधी सगळं बाहेरच्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर घ्या अन् तिथून उघडून खात्री करा. जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुतेक वेळा बसलेली असते. मध्येच लाइट गेली तर इन्स्टॉल अर्धवट राहतं, तेव्हा लोडशेडिंगचं वेळापत्रक बघूनच बसा.

कुणी लिनक्स घेऊ नये?

टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्यांनी, अंगठ्याच्या मशीनवर काम करणाऱ्या सेवा केंद्रचालकांनी आणि डिजिटल सहीचा डोंगल वापरणाऱ्या ठेकेदारांनी कामाच्या मशीनवरचं विंडोज काढू नये. टॅली विंडोजसाठीच आहे, बाकीच्या साधनांचे ड्रायव्हरही मुख्यतः विंडोजसाठी असतात. श्रीलिपीचंही तसंच. एमएस-सीआयटी करणाऱ्या पोरांनाही सराव विंडोजवरच करावा लागतो. वर्डच्या फाइल लिब्रे ऑफिसमध्ये उघडतात, पण कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमधला मजकूर तो फाँट टाकल्याशिवाय वाचता येत नाही.

बाकी ऑनलाइन अर्ज, सातबारा काढणं, पोरांचा अभ्यास, व्हिडिओ, पत्रं, हिशेबाचा तक्ता एवढंच काम असेल, तर कपाटावरचा लॅपटॉप खाली काढायला हरकत नाही. खर्च एका पेनड्राइव्हचा आणि एका सुट्टीच्या दिवसाचा. नाहीच जमलं तर भंगारवाला कुठं जातोय?