टोल्कीनसरांचे कागद

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाले टोल्कीन पोटापाण्यासाठी ऑक्सफर्डला प्राध्यापकी करायचे, जुनं इंग्रजी शिकवायचे. त्यांचे कागद आज दोन देशांत आहेत. कादंबऱ्यांची हस्तलिखितं अमेरिकेत, मिलवॉकीच्या मार्क्वेट विद्यापीठात. विल्यम रेडी या तिथल्या ग्रंथपालाने १९५७ साली ती अवघ्या १,५०० पौंडांत मिळवली. (नजर असावी तर अशी!) दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कागदाची टंचाई होती, त्यामुळे कितीतरी मजकूर विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूंवर आहे. काही ठिकाणी आधी पेन्सिलीने खरडलेलं आणि त्यावरच शाईने गिरवलेलं. वाचणाऱ्याच्या डोळ्यांची परीक्षाच.

‘सिल्मरिलियन’ या त्यांच्या कथासंग्रहाचे खर्डे आणि अध्यापनाचे कागद ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात. मला जास्त रस यांच्यातच. ‘बेवुल्फ’ या जुन्या इंग्रजी काव्यावरच्या १९३६च्या गाजलेल्या व्याख्यानाचे आधीचे विस्तृत खर्डे इथे सापडतात. त्याच काव्याचा गद्य अनुवाद त्यांनी १९२६मध्येच पूर्ण केला होता, पण छापला नाही. मुलगा ख्रिस्तोफरने तो २०१४ साली प्रसिद्ध केला. ख्रिस्तोफरही काही काळ ऑक्सफर्डला इंग्रजीच शिकवायचा. वडिलांच्या कथाविश्वाचे खर्डे लावून त्याने १९८३ ते १९९६ या काळात १२ खंड काढले.