पामुक्कले : पांढऱ्या उतारावरचे गैरसमज

तुर्कस्तानच्या नैऋत्येला, देनिझली शहराजवळ, एक डोंगरउतार बारमाही पांढराशुभ्र दिसतो. उतारावर कोमट पाण्याची कुंडं आणि माथ्यावर हिएरापोलिस या प्राचीन नगराचे अवशेष. १९८८ साली युनेस्कोने या दोन्हींना मिळून जागतिक वारशाचा दर्जा दिला. इथल्या फोटोंबरोबर काही समजुतीही जगभर फिरत असतात.

गैरसमज : हे बर्फ असावं, नाहीतर मीठ.

वस्तुस्थिती : हा चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. जमिनीखालच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड मुरलेला असल्याने ते चुनखडक विरघळवत वर येतं. उघड्यावर वायू उडून जातो आणि चुना खाली बसतो; आधी सायीसारखा मऊ, मग दगड. बूट-चपलांनी हा थर झिजतो, म्हणून इथे अनवाणीच चालावं लागतं.

गैरसमज : गरम पाणी म्हणजे खाली ज्वालामुखी धगधगतोय.

वस्तुस्थिती : इथे जिवंत ज्वालामुखी नाही, आहे तो भूकवचातला भ्रंश. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, तापतं आणि भ्रंशाच्या वाटेने वर येतं. कुंडांना पाणी पुरवणाऱ्या झऱ्याचं तापमान सुमारे ३५ अंश सेल्सियस असतं. आपल्या वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या झऱ्यांखालीही ज्वालामुखी नाही. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तो केव्हाच निवला.

गैरसमज : सगळी कुंडं निसर्गनिर्मित आहेत आणि कायम भरलेली असतात.

वस्तुस्थिती : १९६० च्या दशकात माथ्यावर हॉटेलं उभी राहिली. झऱ्याचं पाणी त्यांच्या तलावांकडे वळलं, उतारावरून रस्ताही गेला आणि पांढरा रंग मळू लागला. पुढे हॉटेलं पाडली गेली आणि रस्त्याच्या जागी कृत्रिम कुंडं बांधली गेली. शेवाळ माजू नये आणि थर वाळावा म्हणून आता पाणी पाळीपाळीने सोडतात. त्यामुळे काही कुंडं कोरडी दिसली, तर झरा आटला असं समजू नये.

गैरसमज : माथ्यावरच्या तलावात क्लिओपात्रा न्हायली होती.

वस्तुस्थिती : याला पुरावा नाही. इ. स. ६० च्या भूकंपानंतर रोमनांनी नगर नव्याने उभारलं. तलावातले संगमरवरी खांब नंतरच्या भूकंपात कोसळलेले. क्लिओपात्रा तर इ. स. पूर्व ३० मध्येच वारली होती.

गैरसमज : हिएरापोलिसमधल्या ‘प्लूटोच्या द्वारा’शी, म्हणजे पाताळाचं प्रवेशद्वार मानल्या गेलेल्या गुहेपाशी, प्राणी मरायचे, ही निव्वळ भाकडकथा.

वस्तुस्थिती : भूगोलकार स्ट्रॅबोने तिथे चिमण्या सोडून पाहिल्या, त्या तत्काळ मेल्या. पुजारी मात्र सुखरूप बाहेर येत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांनी खुलासा केला. भ्रंशातून झिरपणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. बळीच्या जनावरांची नाकं त्या थरात असत, उभ्या माणसाचं डोकं त्याच्या वर. रात्री हा थर दाट होतो, उन्हात विरतो.

गैरसमज : कुंडं पाहिली की झालं, अवशेष तासाभरात उरकतात.

वस्तुस्थिती : रंगमंदिर, रोमन स्नानगृहातलं संग्रहालय आणि दूरवर पसरलेली दफनभूमी पाहायला अर्धा दिवस तरी हवा. फ्लेवियस झ्यूक्सिस या व्यापाऱ्याच्या थडग्यावर, तो मालेआ भूशिराला वळसा घालून ७२ वेळा इटलीला गेल्याचं कोरलं आहे. इथेच सापडलेल्या तिसऱ्या शतकातल्या एका शवपेटीवर पाणचक्कीवर चालणारी, दगड कापणारी करवत कोरली आहे. चाकाच्या फिरण्याचं करवतीच्या पुढे-मागे सरकण्यात रूपांतर करणाऱ्या यंत्राचं हे सर्वांत जुनं ज्ञात चित्रण मानलं जातं.