करणाऱ्याचा वाटा

कुडपणला पुतण्याने संगणकावर ‘राजी’ हा खेळ विकत घेतला, तेव्हा आमच्या अण्णांनी विचारले, “ह्यातलं करणाऱ्याला किती?” खोतीतल्या अर्धेलीच्या, म्हणजे निम्मे भात खोताला घालण्याच्या, गोष्टी ऐकून वाढलेल्या माणसाचा हा प्रश्न.

‘राजी’ पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केला; २०२० साली तो परदेशी प्रकाशकामार्फत आला. त्यांचा करार खासगी, म्हणून हिशेब नमुन्याचा मांडतो. समजा, स्टीम या ऑनलाइन दुकानात खेळ १,१८० रुपयांना गेला. १८ टक्के जीएसटीचे १८० सरकारचे. उरलेल्या हजारातले ३० टक्के, म्हणजे ३००, स्टीमचे. एका खेळाची विक्री एक कोटी डॉलरपुढे गेली की वरच्या रकमेवर २५ टक्के, पाच कोटींपुढे २०. सवलत मोठ्यांनाच! (एपिकचे दुकान २०१८मध्ये १२ टक्क्यांवर सुरू झाले.)

७०० प्रकाशकाकडे जातात. करार निम्म्याचा असेल तर करणाऱ्याचे ३५०. पण आधी प्रकाशकाची उचल फिटायची. ती पूर्ण ७००मधून वळती होणार की करणाऱ्याच्या ३५०मधूनच, हे कलम टक्क्यांहून महत्त्वाचे. दुसऱ्या प्रकारात तीच उचल फिटायला दुप्पट प्रती विकाव्या लागतात, आणि तोवर प्रकाशक आपले ३५० घेतच असतो.